आमचे व्याही, समुद्राकाठचे

किस्से साठतात कधी, सांगू? घरात ऐकायला कुणी नसलं की! घरात माणूस असेल तर दिवसभराची गंमत संध्याकाळच्या चहाबरोबर सांगून होते आणि संपते. आमच्याकडे ऐकायचं काम नीलाचं होतं. मी ऑफिसातून आलो की बूट काढता काढता सुरू व्हायचो, आणि ती कांदा चिरता चिरता "मग?" म्हणायची. ती गेली, तो "मग?" गेला, आणि तेव्हापासून माझ्याकडे किस्से नुसते पडून आहेत. इथं अमेरिकेतल्या कॅरी गावात, चार बेडरूमच्या घरात, माझ्याबरोबर तेच राहतात म्हणा ना.

त्यातले बरेचसे माझ्या व्याह्यांचे. व्याही सांगली-साताऱ्याचे नव्हेत. इंडोनेशियात सुलावेसी नावाचं बेट आहे, त्याच्या किनाऱ्यावर एक चिमुकलं गाव. मूठभर घरं, सगळी लाकडी खांबांवर उभी. मागं नारळ, पुढं समुद्र. माझी मुलगी मैत्रेयी तिथं समुद्रातल्या गवताचा अभ्यास करायला गेली. हो, समुद्रातही गवत असतं! मलाही माहीत नव्हतं.

काही महिन्यांसाठी म्हणून गेली होती. मग एक दिवस फोन आला. "बाबा, मी इथंच राहायचं ठरवलंय." इंग्रजीतच बोलली, इथं जन्मलेली मुलगी, मराठी सगळं कळतं, पण बोलताना इंग्रजीची लेन सोडत नाही.

मी विचारलं, "गवतासाठी?"

"नाही बाबा. रिदवानसाठी."

* * *

त्या गावात फोनला रेंज एकाच जागी येते, धक्क्याच्या टोकाला. त्यामुळे मैतूचा फोन म्हणजे खाजगी असं काही नाही. माझी संध्याकाळ ही त्यांची सकाळ. मासे घेऊन होड्या परत येत असतात, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण स्क्रीनमध्ये डोकावून मला बघून जातो.

एकदा एका गृहस्थांनी सरळ फोनच हातात घेतला. खांद्यावर हा एवढा मासा. म्हणाले, "सुदाह माकान?" म्हणजे "जेवलात का?" आपल्याकडे विचारतात तसंच.

तो अख्खा आठवडा मी काय खातोय, खातोय की नाही, हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "हो हो, जेवलो!" सकाळचं वाटीभर दूध-सीरियल धरलं तर ते अगदीच खोटं नव्हतं.

गृहस्थ काहीतरी बोलले आणि धक्क्यावर हशा पिकला.

"काय म्हणतायत गं?"

मैतू म्हणाली, "ते म्हणतात, जेवलेल्या माणसाच्या मागं स्वयंपाकघरात दिवा असतो."

मी मुकाट्यानं उठलो, दिवा लावला, खिचडी टाकली. फोन ओट्यावर तसाच उभा करून ठेवला होता. कुकरची शिट्टी झाली, तर तिकडं धक्क्यावर टाळ्या!

* * *

लग्नाला मी एकटाच गेलो. नीला असती तर दोन बॅगा नुसत्या चिवडा-लाडवांच्या झाल्या असत्या. आधी रॅलीचा विमानतळ, मग एक मोठ्ठं विमान, मग दुसरं, मग छोटं, मग दिवसभर गाडी, आणि शेवटी एक लाकडी मोटरबोट. ती बोट कधी सुटते? तर भरली की!

हळूहळू भरली. तांदळाची पोती आली, कोंबड्या आल्या, एक प्लास्टिकचं कपाट आलं, त्या कपाटात बसून एक मुलगी आली. आता पाय ठेवायला जागा नाही. मी म्हटलं, चला, निघाली. तर कुणीतरी विचारलं, "अरे, म्हातारी कुठाय?"

शेजारच्या पोरानं मोडक्या इंग्रजीत मला समजावलं, गावातली एक म्हातारी दर बाजाराला येते, नि याच बोटीनं परत जाते. ती दिसत नाही. मग काय, थांबले सगळे. कुणी कुरकुर नाही, कुणी घड्याळ बघत नाही. ऊन डोक्यावर, कोंबड्या बेजार, मी त्यांच्याहून बेजार. वाटेत एका विमानतळावर मी धावत गेटशी पोचलो होतो आणि माझ्या नाकासमोर दार बंद झालं होतं. दाराच्या काचेतून गेटवरची बाई माझ्याकडे छान हसली होती. त्याची आठवण होत होती.

बऱ्याच वेळानं म्हातारी दिसली. काठी टेकत, धापा टाकत धक्क्यावर आली. चार हात पुढं झाले तिला बोटीत घ्यायला. तिनं सगळ्यांना हातानं मागं सारलं आणि म्हणाली, "मी आज येत नाहीये. लेकीकडे राहतेय. तुम्ही थांबून बसाल, म्हणून सांगायला आले!"

* * *

पोचलो. व्याही धक्क्यावर न्यायला आले होते. त्यांचं नाव सालेह. होड्या बांधतात. किडकिडीत, काळेभोर, दात सगळे शाबूत, आणि हसले की ते सगळे दिसतात. त्यांनी माझा हात धरला तो सोडलाच नाही. हात धरूनच गावभर फिरवलं, आणि दारोदारी माझी ओळख करून दिली, "हे माझे बेसान!"

मी चमकलो. पहिल्या घरी वाटलं ऐकण्यात चूक झाली. दुसऱ्या घरी पुन्हा "बेसान." तिसऱ्या घरच्या बाई तर आनंदानं ओरडल्याच, "आऽऽह, बेसान!"

नोकरीत मी पुष्कळ काही ऐकून घेतलंय. पण पीठ मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं!

मैतूला बाजूला घेऊन विचारलं. ती हसून हसून पायरीवर बसली. त्यांच्या भाषेत व्याह्याला बेसान म्हणतात. दोन्हीकडचे आईवडील एकमेकांचे बेसान.

मी म्हटलं, "त्यांना सांग, आमच्याकडे बेसन म्हणजे डाळीचं पीठ. त्याच्या वड्या करतात."

तिनं सांगितलं. व्याही विचारात पडले. मग गंभीरपणे म्हणाले, "पीठ चांगलंच आहे. एकटं खाता येत नाही, कशात तरी मिसळावंच लागतं."

* * *

एकटं! "सेंदिरी?" हा त्यांच्या तोंडचा शब्द. म्हणजे "एकटेच?" धक्क्याकडे निघालो, "सेंदिरी?" विहिरीवर गेलो, "सेंदिरी?" आणि तो प्रश्न नसतो हो, काळजी असते. तुम्ही हो म्हटलंत की माणूस हातातलं काम टाकून तुमच्याबरोबर चालू लागतो. तुम्ही कुठं जाताय ते न विचारता!

मला एक स्वतंत्र खोली दिली होती. ती मैतूनं भांडून मिळवली होती म्हणे. व्याह्यांचं म्हणणं, माणसानं काय अपराध केलाय की त्याला एकट्याला कोंडायचं?

एका दुपारी जेवून जरा पडलो. जाग आली तर खोलीत माणसं! विहीणबाई कोलंबी सोलत बसल्या होत्या. एक म्हातारेबुवा जाळं दुरुस्त करत होते. आणि एक बाई, जिला मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, भिंतीला टेकून चक्क घोरत होती.

मी धडपडून उठून बसलो. "काय झालं?"

विहीणबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. मैतूनं नंतर त्याचा अर्थ सांगितला. "काही झालं नाही, बाबा. तू झोपेत एकटा होतास ना!"

* * *

दुसऱ्या खेपेला गेलो तेव्हा घर हलवायचं चाललं होतं. मी म्हटलं, मी पण मदत करतो, खोकी भरायला मी एक्स्पर्ट आहे. मैतू म्हणाली, "सामान नाही बाबा. घर!"

समुद्र पुढं पुढं सरकतोय तिकडं. दर वर्षी थोडा किनारा खातो. तेव्हा मैतूचं घर मागं नारळांत न्यायचं ठरलं होतं. खांबांना आडवे बांबू बांधले आणि गावातले सगळे पुरुष खाली घुसले. आमच्या कॅरीत दारासमोरच्या मेलबॉक्सला वेगळा रंग द्यायचा तर वसाहतीच्या असोसिएशनची परवानगी लागते. इथं एका माणसानं आरोळी ठोकली आणि घर चालायला लागलं! खिडकीचा पडदासुद्धा काढला नव्हता. तो वाऱ्यावर उडत होता.

मीही खांदा दिला. चांगला दम लावून. वाटेत मला असं वाटायला लागलं की आपल्याला वाटतं त्यापेक्षा आपण तब्येतीनं बरे आहोत. घर जागेवर बसल्यावर मी घाम पुसत मैतूला म्हटलं, "बघ, अजून जोर आहे की नाही?"

ती रिदवानकडे बघून हसली. रिदवान मान खाली घालून. मग कळलं. माझ्या पुढच्यानं आणि मागच्यानं तो बांबू माझ्या खांद्यावरून चार बोटं वर उचलून धरला होता. सबंध वाटभर!

संध्याकाळी मी मैतूमार्फत व्याह्यांना विचारलं, "ही जमीन कुणाची?" ते म्हणाले, जमीन चुलत्याची, झाडं मावशीची, घर आपलं. मी पुढचं विचारलं, "आणि समुद्रात गेली ती?"

त्यांनी पाण्याकडे बोट केलं. "ती आपली. अजून आपलीच."

मला वाटलं, म्हातारा मनाची समजूत घालतोय. तेवढ्यात एक होडीवाला पाण्यातूनच ओरडला. व्याह्यांनी हात वर करून होकार दिला. तो विचारत होता, "सालेह, तुझ्या अंगणात नांगर टाकू का?"

* * *

मैतूनं विषय काढला तो त्याच खेपेला. "बाबा, कॅरीचं घर विकून टाक. इथं ये." मैतूच्या घराशेजारची जागा व्याह्यांनी माझ्यासाठी साफसुद्धा करून ठेवली होती. तिकडच्या कायद्यानं परक्या माणसाच्या नावावर जमीन होत नाही, एवढं मला माहीत होतं. मी विचारलं, "पण ती जागा असेल कुणाच्या नावावर?"

व्याही गोंधळले. "नावावर कशाला? तुम्ही राहणार ना तिथं?"

मी हो म्हटलं. त्या पडद्याकडे, त्या माणसांकडे बघून दुसरं काही म्हणताच येत नव्हतं.

मग फॉलमध्ये, पानगळीच्या दिवसांत, मैतू मला न्यायला आली. बरोबर व्याही! ते का आले? तर मी आवराआवर करताना एकटा पडेन म्हणून. मैतू होती ना? "ती मुलगी. बेसानला बेसान पाहिजे."

पहिल्याच दिवशी त्यांनी घर बघितलं. एका खोलीचं दार उघडलं. "इथं कोण राहतं?"

"कुणी नाही."

दुसरं दार. "इथं?"

"कुणी नाही."

तिसरं दार उघडायच्या आधी त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला बोलवायला गेलो तर ते खोलीत नाहीत. शेजारच्या खोलीतून आले. तिसऱ्या दिवशी तिसऱ्याच खोलीतून. मला वाटलं, गादी टोचतेय की हीटर बिघडलाय? मैतूला विचारायला लावलं.

नाही. सगळं उत्तम होतं. ते रोज वेगळ्या खोलीत झोपत होते. खोल्यांना वाईट वाटू नये म्हणून!

* * *

समोर हॅरल्ड राहतो. वयानं माझ्याहून मोठा, बायको गेलेली, मुलगा कुठंतरी टेक्ससमध्ये फ्रिस्कोला. आम्ही इतकी वर्षं समोरासमोर, पण आमचा संबंध म्हणजे हात हलवणं. त्यानं कचऱ्याचा डबा बाहेर आणला की हात, मी आणला की हात.

व्याही आले त्याच आठवड्यात मी खिडकीतून बघतो तर हा माणूस रस्ता ओलांडून हॅरल्डच्या पोर्चमध्ये, त्याच्या शेजारच्या खुर्चीत! मी घाबरून मैतूला हाक मारली. "अगं, आण त्यांना! इथं असं न सांगता जात नाहीत कुणाकडे!"

ती शांतपणे म्हणाली, "मी सांगितलं त्यांना. ते म्हणाले, तो माणूस सेंदिरी आहे."

मग रोजचंच झालं. एकमेकांचा एक शब्द कळायचा नाही. पण पोर्चमध्ये बसून बोलणं चालू. हातवारे, हशा.

एका सकाळी बेल वाजली. दारात हॅरल्ड. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! म्हटलं, तक्रार आली.

हॅरल्ड म्हणाला, "तुझा पाहुणा आज आला नाही?"

"आज मुलीबरोबर बाहेर गेलेत. काही काम होतं?"

"नाही, काम नाही," तो म्हणाला. "पण काल दिवसभर तोच बोलला. आज माझी पाळी होती."

* * *

घर विकायला काढलं. ओपन हाउसच्या, म्हणजे गिऱ्हाइकं घर बघायला येतात त्या दिवशी एजंटनं आम्हाला बजावलं होतं, घरचं कुणी थांबू नका. मैतू आणि मी मॉलमध्ये जाऊन बसलो. व्याह्यांना सांगितलं, पण त्यांना ते पटेना. लोक घरी येणार आणि घरातल्यानं पळून जायचं? ही कुठली रीत? ते थांबले.

परत आलो तेव्हा एजंटचा चेहरा बघण्यासारखा होता. आलेल्या प्रत्येकाला व्याह्यांनी बसवलं होतं. चहा केला होता. डायनिंग टेबलवरच्या माझ्या पिशव्यांतून त्यांनी चिवडा शोधून काढला होता, आणि तो खाल्ल्याशिवाय कुणालाही वर बेडरूम बघायला जाऊ दिलं नव्हतं.

त्यात एक तरुण जोडपं होतं. मुलगा नागपूरचा, मुलगी पुण्याची, दोघं इथल्याच रिसर्च ट्रँगल भागातल्या कंपन्यांत नोकरीला. ते सगळ्यात जास्त वेळ बसले. त्यांना घर आवडलं. जाताना त्या मुलीनं एजंटला हळूच विचारलं, "हे आजोबा घराबरोबरच मिळतात का हो?"

* * *

आता शेवटचा सांगतो.

त्याच जोडप्याची ऑफर आली. चांगली होती. पुढच्या आठवड्यात सह्या व्हायच्या होत्या. नीलाच्या साड्या मैतूनं खोक्यांत भरल्या, मी भिंतीवरचे खिळे काढले; मध्येच माझं काम थांबलं की व्याही माझ्याकडे बघत राहायचे. सगळं ठरल्याप्रमाणं चाललं होतं, आणि मला जायचं नव्हतं.

का, ते मलाच नीट सांगता येत नव्हतं. तिकडं माणसं होती, इथं खोल्या होत्या. कुणीही सांगेल काय निवडावं ते. तरी मन घेत नव्हतं. पण मैतूनं इतक्या हौसेनं सगळं मांडलेलं. तिला हे कुठल्या तोंडानं सांगू? मी कुणालाच बोललो नाही. व्याह्यांना तर बोलणं शक्यच नव्हतं, आमच्यात सगळे मिळून वीसेक शब्दांची देवाणघेवाण.

तर एका सकाळी व्याही मैतूला म्हणाले, लांबच्या प्रवासाला निघायच्या आधी आमच्याकडे घरातल्या गेलेल्या माणसांचा निरोप घेतात. कबरीवर पाणी घालतात, सांगतात आणि मग निघतात. विहीणबाईंची कबर कुठंय?

मैतूनं सांगितलं, कबर नाही. आईच्या अस्थी समुद्रात सोडल्या. विल्मिंग्टनच्या बाजूला.

"मग समुद्रावर चला."

आम्ही तिघं निघालो. मी ड्राइव्ह करत होतो. किनाऱ्यावर थंडी होती, वारा होता, एक माणूस कुत्र्याला फिरवत होता, बाकी कुणी नाही. नीलाच्या अस्थी सोडल्या त्या दुपारनंतर मी तिथं परत गेलो नव्हतो.

व्याह्यांनी चपला काढल्या. गाडीतली पिण्याच्या पाण्याची बाटली बरोबर घेतली. पँट दुमडून घोटाभर पाण्यात गेले आणि ती बाटली हळूहळू समुद्रात ओतली. मी मैतूकडे बघितलं. ती म्हणाली, "मी विचारलं मघाशी. ते म्हणतात, भोवती सगळं खारट. त्यांना प्यायला गोडं पाणी नको?"

मला एकदम समोरचं दिसेनासं झालं. वाऱ्यानं, म्हटलं मी.

मग ते बोलायला लागले. मैतूला जी भाषा येते ती नव्हे, त्यांच्या घरातली बुगिस बोली. तिला त्यातलं थोडंथोडं कळत होतं, ती मला कुजबुजत सांगत होती. "आपलं नाव सांगितलं... गावाचं नाव... रिदवान माझा धाकटा... तुमची मुलगी आमच्याकडे आहे, पोहायला छान शिकली... आता तुमच्या मालकांना आम्ही घेऊन जातोय. जागा साफ केलीये..." मग ती थांबली.

"मग?" मी म्हटलं.

"परवानगी मागतायत."

व्याही बोलायचे थांबले. मागं आले, ओल्या वाळूत उकिडवे बसले आणि पाण्याकडे बघत राहिले.

"आता काय?"

"थांबलेत," मैतू म्हणाली. "आई काय म्हणते त्यासाठी."

आम्हीही थांबलो. काय करणार? लाटा येत होत्या, जात होत्या. त्या कुत्र्यानं येऊन व्याह्यांना हुंगलं आणि गेलं. मैतूनं थंडीनं माझा हात धरला. ती लहान असताना धरायची तसा, दोन बोटं. कितीतरी वेळ गेला असेल.

मग व्याही उठले. गुडघ्यांवर हात टेकून, सावकाश. पँटची वाळू झटकली, रिकामी बाटली उचलली आणि आमच्याकडे चालत आले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मैतूसमोर उभे राहिले आणि तिला कळेल अशा भाषेत, चार शब्द बोलले.

मैतूचं तोंड उघडं ते उघडंच.

"काय झालं? काय म्हणतात?"

"बाबा," ती म्हणाली, "आई नाही म्हणाली."